प्राथमिक शाळांतील हस्तलिखितें : एक उपेक्षित साधनसमूह

जुन्या कागदपत्रांचा शोध करणाऱ्यांस वाडे, देवळें, मठ, कुळकर्ण्यांचीं दप्तरें आणि भिक्षुकांच्या घरचे पोथ्यांचे रुमाल हीं ठिकाणें परिचयाचीं असतात. प्राथमिक शाळेच्या कपाटाकडे मात्र त्यांची दृष्टि सहसा जात नाहीं. गेली तरी ती जनरल रजिस्टर आणि शेरेबुक चाळून परत फिरते. त्याच कपाटाच्या तळच्या कप्प्यांत, फाटक्या नकाशांच्या गुंडाळ्यांआड, मुलांनीं स्वतःच्या हातानें लिहिलेलीं, रंगविलेलीं आणि शिवलेलीं वार्षिक हस्तलिखितें पडून असतात. त्यांविषयीं चार शब्द लिहिण्याचें प्रस्तुत लेखीं योजिलें आहे. हीं हस्तलिखितें पोथ्यांच्याच कुळांतील आहेत, इतिहासाचीं साधनें म्हणून त्यांस किंमत आहे, आणि तीं आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होत आहेत, एवढ्या तीन गोष्टी वाचकांपुढें मांडावयाच्या आहेत.

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता जेथें पश्चिमेस फुटतो, तो कसाल गांव कुडाळ तालुक्यांत मोडतो. १९८१ सालीं सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सर्व मुलूख रत्नागिरी जिल्ह्यांत होता. या परिसरांतील एका शाळेंत गेल्या पावसाळ्यापूर्वीं कपाटें रिकामीं करण्याचें काम चाललें होतें. पट उतरत उतरत एकआंकडी झालेला. एक खोली गळकी. सामान दुसऱ्या खोलींत हलवावयाचें. तेथील शिक्षिकाबाईंनीं, मी निवृत्त शिक्षक आणि जुन्या कागदांचा नादी म्हणून, मला निरोप धाडला. सुतळीनें बांधलेल्या एका गठ्ठ्यांत नऊ हस्तलिखितें निघालीं. सर्वांत जुन्यावर १९६७-६८ हें वर्ष आहे, सर्वांत अलीकडच्यावर १९९८-९९. मधलीं वर्षें सलग नाहींत.

पोथ्यांचें वर्णन करण्याची जी रीति आहे, त्याच रीतीनें जुन्या प्रतीचें वर्णन देतों. कागद फुलस्केप, रेघी नसलेला. पत्रें ४२, पैकीं दोन कोरीं. चारी बाजूंस लाल शाईचा दुहेरी समास. अक्षर एकहाती, बाळबोध, निळ्या-काळ्या शाईचें. मथळे रुंद टांकानें काढलेले. चित्रें ११, रंग हळद, काव, काजळ आणि कपड्यांस घालावयाची नीळ. शिवण दोऱ्याची, तीन टोंची. पाठीस जुन्या लुगड्याचा कांठ डकविलेला. आरंभीं गणपति, शेवटीं मुलांच्या नांवांची यादी आणि तिच्याखालीं एक लहान मजकूर, ज्यांत चुकभूल पोटांत घालावी आणि पुस्तक ओल्या हातानें धरूं नये अशी विनंति आहे. हा शेवटचा मजकूर वाचून मला आपल्या पोथ्यांच्या पुष्पिका आठवल्या. आपण पाहिलें तसें लिहिलें, दोष असल्यास लेखकास बोल लावूं नये, आणि ग्रंथ तेल, पाणी व सैल बंधन यांपासून राखावा, हें प्रत्येक जुना लेखक शेवटीं सांगतो. त्या मुलांनीं एखादी पोथी पाहून हा प्रघात उचलला असेल असें मला वाटत नाहीं. हातानें पुस्तक केलें, म्हणजे तें करणाऱ्यास पाण्याची भीति आपोआप सुचते.

येथें कोणी म्हणेल कीं, ही शाळेंतील हस्तकला. हिचा ग्रंथलेखनाशीं संबंध जोडणें म्हणजे ओढाताण आहे. या आक्षेपाचें उत्तर शब्दांच्या इतिहासांतच सांपडतें. संस्कृतांतील लिख् धातूचा मूळ अर्थ ओरखडणें, रेघ ओढणें असा आहे. त्यापासून लेख झाला, आणि चित्र या अर्थाचा आलेख्य शब्दही त्यापासूनच झाला. चित्रांत काढलेल्या वस्तूस लिखित म्हणण्याचा प्रघात काव्यनाटकांतून सर्वत्र आढळतो. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत दुष्यंत शकुंतलेचें जें चित्र पुरें करूं पाहतो, तें त्या भाषेंत लिहिलेलेंच आहे. पुस्तक हा शब्द इराणी भाषांतील कातडें या अर्थाच्या शब्दावरून आला असें अनेक पंडित मानतात. तो वाद बाजूस ठेवला, तरी पुस्त या शब्दाचा अर्थ अमरकोशांत लिंपणें, घडविणें अशा कामाचा दिला आहे, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. बाणानें हर्षचरितांत आपल्या तरुणपणच्या सोबत्यांची जी यादी दिली आहे, तींत लेखक आहे, चित्रकार आहे, पुस्तकें वाचून दाखविणारा आहे आणि मातीचीं रूपें घडविणारा पुस्तकृत्ही आहे. कामसूत्रांतील चौसष्ट कलांत आलेख्य, तांदूळ व फुलें यांच्या रचना, वेताचें विणकाम, पुस्तकवाचन आणि मुलांचीं खेळणीं हीं एकाच मालिकेंत बसलीं आहेत. लेखन एका तासांत आणि चित्रकला दुसऱ्या तासांत, ही वांटणी फार पुढची होय.

आपल्याकडील जुन्या शाळेंत ही वांटणी नव्हती. पंतोजीच्या ओटीवर मुलाची पहिली सामग्री म्हणजे धूळपाटी: लांकडी फळीवर विटेची तांबडी पूड किंवा बारीक रेती पसरावयाची आणि काडीनें तीवर अक्षर उमटवावयाचें. ओनामा झाला कीं मुळाक्षरें, मग बाराखड्या. हात बसला म्हणजे कित्ता. गुरुजींच्या अक्षरावरून पुनःपुन्हा बोरू फिरवावयाचा. बोरू तासणें, त्याचें तोंड तिरपें कापणें, काजळ आणि डिंक खलून शाई करणें, कागद घोटणें, आंखणें, ओल्या अक्षरावर वाळू टाकणें, हीं सर्व कामें मुलालाच शिकावीं लागत. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, हें वाचकांस ठाऊकच आहे. अक्षराचें वळण, ओळींतील अंतर, समास यांबरोबरच देशोदेशींचे बोरू, रेखाटण्याचीं साधनें, हिंगूळ, शाईचा सांठा यांचीही तेथें व्यवस्था सांगितली आहे. हस्तलेखनाचा एवढा बारीक पाठ देणारा समर्थ शिक्षक लेखन आणि रंगकाम यांत भिंत घालीत नाहीं.

मुंबई इलाख्यांत एल्फिन्स्टनच्या प्रेरणेनें देशी शाळांची जी पाहणी झाली, तिचे आंकडे १८२९ पर्यंत एकत्र झाले. त्यांत सुमारें १७०० शाळा आणि ३५ हजारांवर मुलें नोंदलेलीं आहेत. इतक्या मुलांनीं वर्षानुवर्षें धुळीवर जें लिहिलें त्यांतील एक रेघही आज उपलब्ध नाहीं. उपलब्ध आहे तें त्या हातांनीं पुढें लिहिलेलें: जमाखर्च, महजर, पत्रें, पोथ्या. आपल्या संग्रहांतील प्रत्येक घोटीव मोडी अक्षरामागें एक पुसली गेलेली धूळपाटी आहे. मोडी वाचणारे आपण त्या अक्षराचीं वळणें कालानुसार लावतों. पण हात कसा घडत गेला याचा मधला पुरावा आपल्याजवळ जवळजवळ नाहीं. साधन नष्ट झाल्यावर त्याची किंमत कळते, याचें हें पहिलें उदाहरण.

सरकारी विद्याखातें १८५५ सालीं स्थापन झालें आणि १८५७ सालीं मुंबईंत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगींतून कलाशाळा सुरू झाली. १८६५ सालीं तेथें लॉकवुड किपलिंग शिक्षक म्हणून आला. चित्रकला हा शिकविण्याचा आणि परीक्षेचा स्वतंत्र विषय झाला, तो या वळणावर. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन परीक्षा आजही आपलीं मुलें देतात. त्यांनीं रेघ शिस्तीची केली, हें मान्य केलें पाहिजे. परंतु लहान मुलाच्या चित्रास स्वतःचें असें कांहीं रूप असतें, तें मोठ्या माणसाच्या चित्राची अपुरी नक्कल नव्हे, हा विचार युरोपांतही उशिराच आला. व्हिएन्नांत फ्रान्झ चिझेक यानें १८९७ सालीं मुलांचा जो कलावर्ग काढला, तो या विचाराचा आरंभ मानितात.

आमच्या प्रांतांत या विचारास दोन ठिकाणीं आश्रय मिळाला. एक वर्धा. तेथें ऑक्टोबर १९३७ मध्यें शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें बुनियादी शिक्षणाचा आराखडा केला. साडेपांच तासांच्या शाळेंतून तीन तास वीस मिनिटें मूलोद्योगास द्यावयाचीं, असें त्याचें वेळापत्रक होतें. संगीत, चित्रकला आणि गणित या तिघांस मिळून चाळीस मिनिटें. हातास एवढा मान पूर्वीं कोणत्याही सरकारी योजनेनें दिला नव्हता. पण सूत निघालें पाहिजे, या हिशेबांत चित्र मागें पडण्याचा धोकाही तींत होता. सेवाग्रामांत १९४४ सालीं शांतिनिकेतनांतून आलेले देवीप्रसाद यांनीं मुलांच्या चित्रकलेस तेथें स्वतःची जागा करून दिली. दुसरें ठिकाण ताराबाई मोडक यांचें. १९४५ सालीं बोर्डी येथें आणि पुढें अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथें त्यांनीं माँटेसोरी पद्धतींतील महागड्या साहित्याऐवजीं बिया, शिंपले, पानें, माती, काड्या अशा गांवच्या वस्तु मुलांच्या हातीं दिल्या. पुढें १९६४-६६ च्या कोठारी आयोगानंतर कार्यानुभव हा विषय आला, आणि आमची पिढी शिक्षक म्हणून रुजू झाली तेव्हां वेळापत्रकांत तो तास छापलेला होता.

शाळेंतील हस्तलिखित या सर्व प्रवाहांच्या संगमावर उभें आहे. तें कोणत्याही एका अभ्यासक्रमाच्या आज्ञेनें जन्मलेलें दिसत नाहीं. शुद्धलेखन, निबंध, चित्र, कातरकाम, शिवण, बांधणी हीं वेगवेगळ्या तासांत विखुरलेलीं कामें त्यांत पुन्हा एकत्र येतात. धूळपाटीवर जें एक होतें आणि वेळापत्रकानें जें वेगळें केलें, तें वर्षांतून एकदां स्नेहसंमेलनाच्या निमित्तानें मुलांनीं जोडून घेतलें.

कोंकणांत या कामास दुसरीही एक शाळा पाठीशीं होती. मूर्तिकार ज्या पडवींत वा मांडवांत गणपति घडवितो, त्या जागेस आमच्याकडे गणपतीची शाळाच म्हणतात. श्रावणांत पोरें तेथें माती मळावयास आणि डोळे लिहितांना पाहावयास जमतात. डोळे रंगविणें यास लिहिणें म्हणतात, हें पुन्हा लक्षांत घ्यावें. कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर समाजाचे चित्रकथी आपल्या सुट्या चित्रांच्या संचास पोथी म्हणतात आणि तीं चित्रें एकेक दाखवून कथा गातात. त्यांतील परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. सावंतवाडीस दशावतारी गंजिफाचीं १२० पानें अजून हातानें रंगविलीं जातात. अक्षर आणि रंग एका हातांत नांदण्याची संवय ज्या मुलुखांत जिवंत आहे, तेथें मुलांचें हस्तलिखित परकें नाहीं.

आतां या साधनांत काय मिळतें, तें वरील नऊ प्रतींवरून सांगतों.

पहिली गोष्ट भाषेची. निबंध शिक्षकांनीं तपासलेले असल्यामुळें त्यांची भाषा पाठ्यपुस्तकी मराठी आहे. चित्रांतील वस्तूंचीं नांवें मात्र कोणी तपासलेलीं नाहींत. त्यामुळें निबंधांत अंगण आहे, तर त्याच मुलाच्या चित्रांत खळा आहे. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या रानफळांच्या चौकटीस निबंधांत सजावट म्हटलें आहे आणि चित्राखालीं माटवी लिहिलें आहे. मालवणी शब्दांचा संग्रह करणाऱ्यांनीं निबंध सोडून चित्रांचीं पानें पाहावीं.

दुसरी गोष्ट वस्तुस्थितीची. १९६७-६८ च्या प्रतींतील घरांचीं छपरें बहुतेक गवताचीं आहेत. सातव्या प्रतींत एकही गवती छप्पर नाहीं, सर्व कौलारू. दशावताराचा संकासुर पहिल्या चार प्रतींत आहे, पुढें दिसत नाहीं. वाहन म्हणजे तांबडी एस. टी.; आणि शेवटच्या प्रतींत एकदम आगगाडी. कोंकण रेल्वे १९९८ सालीं पूर्ण मार्गावर धांवूं लागली, हें आपण जाणतों. त्या गाडीच्या प्रत्येक खिडकींत एकेक तोंड आहे आणि सर्व तोंडें पाहणाऱ्याकडे वळलेलीं आहेत. अशा नोंदी कोणत्याही दप्तरांत मिळावयाच्या नाहींत.

तिसरी गोष्ट साहित्याची. काव, हळद, काजळ आणि नीळ यांचीं चित्रें आज पन्नासांवर वर्षांनीं शाबूत आहेत. हळद तेवढी फिकी पडली आहे. शेवटच्या दोन प्रतींत स्केचपेन वापरलें आहे, आणि तिचा रंग दमट हवेनें पाठच्या पानांवर उतरून अक्षरें वाचवेनाशीं झालीं आहेत. म्हणजे जें सर्वांत नवें तेंच सर्वांत आधीं जाणार. शाई, बॉलपेन, तेलखडू, स्केचपेन या क्रमावरून तारीख नसलेल्या प्रतीचा काळ अंदाजें लावितां येतो.

पारखीही सावधगिरीनें केली पाहिजे. लिहिणारा आणि रचणारा एक नसतो. वर्गांतील ज्या मुलीचें अक्षर चांगलें, तिच्या हातून सर्व मजकूर उतरविलेला असतो, म्हणून अक्षरावरून कर्ता ठरवूं नये. कांहीं चित्रें कॅलेंडरांवरून आणि पुस्तकांवरून उतरविलेलीं आहेत. तीं वस्तुस्थितीचा पुरावा म्हणून घेऊं नयेत, आवडीचा पुरावा म्हणून घ्यावींत. शिक्षकाचा हात कोठें फिरला तें रेघेच्या निश्चितपणावरून ओळखूं येतें. पोथीची प्रत पाहतांना लेखक, शोधक आणि मालक हे तीन हात आपण वेगळे करतों. तीच पद्धत येथें चालते.

या साधनांच्या नाशाविषयीं लिहितांना दुसऱ्यास दोष देण्याचा मला अधिकार नाहीं. मी मुख्याध्यापक असतां, तपासणीच्या आदल्या आठवड्यांत कपाटें नीट करण्याच्या भरांत, शाळेचीं जुनीं हस्तलिखितें मींच रद्दींत घातलीं. पोथीचें एक पान फाटलें तरी हळहळणारा मी. पण मुलांच्या वहीस पोथी मानण्याचें मला सुचलें नाहीं. चार वर्षांनीं एक जुना विद्यार्थी मुंबईहून आला. त्याची धाकटी बहीण शाळेंत असतांनाच वारली होती. एका वर्षाच्या हस्तलिखितांत तिनें काढलेलें विहिरीचें चित्र होतें, तें त्यास आईकरितां पाहिजे होतें. तिच्या हातचें असें घरांत दुसरें कांहींच नव्हतें. मीं त्यास खरें काय तें सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं, पाणी प्याला आणि गेला. रद्दीचे जे बावीस रुपये आले होते, ते शाळेच्या किरकोळ जमेस लिहिले आहेत. ती नोंद अजून असेल. जमाखर्चाच्या वह्या जपण्याचा नियम आहे.

आज हा प्रश्न एकट्यादुकट्या मुख्याध्यापकाच्या निष्काळजीपणाचा राहिलेला नाहीं. कोंकणांतील गांवें ओस पडत चाललीं आहेत आणि शाळांचे पट घटत आहेत. वीसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा कराव्या, असा विचार शासनानें २०२३ सालीं पुढें आणला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांत कलाशिक्षणासाठीं अंशकालीन शिक्षकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुलें असतील तेथें; आमच्या वाडीवस्तीच्या शाळेस तिचा उपयोग नाहीं. शाळा बंद करावी कीं न करावी, हा या त्रैमासिकाचा विषय नव्हे. शाळा बंद झाली म्हणजे जनरल रजिस्टर दुसऱ्या शाळेकडे जातें, बाकें जातात, वजनकाटा जातो. हस्तलिखितें कोणत्याच यादींत नसतात. तीं कोठें जावयाचीं, हा विषय मात्र आपलाच आहे.

यासाठीं मोठा खर्च किंवा मोठी संस्था लागेल असें नाहीं. आपण पोथ्यांच्या याद्या करतों त्याच नमुन्यावर शाळावार यादी करावी: वर्ष, पत्रसंख्या, चित्रसंख्या, कागद, शाई, शिवण, शेवटचा मजकूर. मुलांचीं नांवें हयात माणसांचीं आहेत, म्हणून तीं प्रसिद्ध करूं नयेत. नोंदींत ठेवावीं, आणि एखादें कुटुंब विचारीत आलें तर त्यास पान दाखवावें. प्रत शाळा चालू असेपर्यंत शाळेंतच राहूं द्यावी. शाळा मिटली तर गांवच्या वाचनालयानें किंवा आपणांपैकीं कोणी ती पावती देऊन ताब्यांत घ्यावी. स्केचपेनच्या प्रतींचीं छायाचित्रें सर्वांआधीं काढावीं, कारण त्यांस वेळ थोडा आहे.

वर वर्णिलेल्या नऊ प्रती सध्यां माझ्या घरीं आहेत. शिक्षिकाबाईंनीं पावती मागितली, ती मीं पत्रसंख्येसह लिहून दिली. लाल रुमालांत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला घालून, घरच्या पोथ्यांच्या शेजारीं, भिंतीपासून वीतभर अंतरावर त्या ठेविल्या आहेत. ज्या वाचकांच्या परिसरांत अशीं हस्तलिखितें असतील, त्यांनीं या पावसाळ्यापूर्वीं एकवार तीं उघडून पाहावींत आणि वरील नमुन्यानें टिपण करून मंडळाकडे धाडावें, अशी विनंति आहे.